अंबाडीचं लाल पाणी

छायासाठी जयवंतानं कित्येक वर्षं प्रार्थना केली होती. भांडी घासताना, गोठ्यातलं शेण ओढताना, कापूस वेचायला पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली असताना ती मनातल्या मनात म्हणायची, 'प्रभू, माह्या जावेचं मन फिरव.' यंदाच्या पावसाळ्यात देवानं ते मन फिरवलं. आणि आता फिरलेलं ते मन जयवंताला डोळ्यांसमोर नको झालं होतं.

असं कोणाजवळ बोलायचीही सोय नव्हती. ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं डोळे गाळले ती मिळाल्यावर तोंड वाकडं करणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील? म्हणून ती हसायची, आणि हसता हसता तिची दातखीळ बसायची वेळ यायची.

गाव सेलू आणि केळझरच्या मधलं, मोठ्या रस्त्यापासून आत. दसऱ्यानंतर पाऊस झोडपून गेला होता. पऱ्हाटीची खालची बोंडं सडली आणि मग ऊन पडल्यावर वरची सगळी एकदम फुटली. गावभर एकाच वेळी कापूस फुटला म्हटल्यावर वेचायला बाई कुठून मिळणार? दोघी जावा दिवस उगवायच्या आत वावरात उतरायच्या आणि दिवस बुडाल्यावर कंबर धरत घरी यायच्या.

वेचणीला निघताना कापूस भरायला जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधावी लागते. तिची गाठ पाठीवर येते, आणि पाठीवरची गाठ दुसऱ्या बाईनं मारली तरच नीट बसते. लग्न होऊन आली तेव्हापासून छाया रोज सकाळी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जयवंताकडे पाठ करून उभी राहायची. दोघींत अबोला असायचा तेव्हासुद्धा हे चुकलं नव्हतं.

"बाई, मारा ना गाठ."

जयवंतानं गाठ मारली. जरा जास्तच आवळली. छाया ओळीत शिरली आणि गाऊ लागली. इतवारच्या प्रार्थना-संगतीतलंच गाणं, पण ते तिच्या गळ्यातून आलं की वेगळंच व्हायचं. शेजारच्या वावरातल्या वेचणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

"छाया, मोठ्यानं म्हण व. आमाले आयकू येऊ दे," कोणीतरी ओरडलं.

हेच गाणं जयवंता या वावरात दहा वेळा म्हणाली असेल. तिचा आवाज जात्यासारखा घरघरता. तिला कोणी 'मोठ्यानं म्हण' असं कधी म्हटलं नव्हतं. तिनं एका बोंडात हात घातला, वाळलेल्या पाकळीचं टोक नखाच्या मुळाशी घुसलं, आणि त्या निमित्तानं तिनं डोळ्यांतलं पाणी पुसून घेतलं.

आता सरळच सांगायचं तर तिचं दुखणं गाण्याचं नव्हतं. जयवंतानं प्रभूवर विश्वास धरला तो मुलीच्या दुखण्यात. आकांक्षा तेव्हा लहान होती, ताप उतरत नव्हता, आणि दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली होती. आकांक्षा उठून बसली, आता वर्ध्याला शिकते. पण त्या विश्वासाची किंमत घरात जयवंतानं एकटीनं मोजली. पहिल्या वेचणीला वावरात सीतादही करतात. सासू अनुसयाबाई धुऱ्यावर पाच दगड मांडून त्यांना कुंकू लावते, दहीभात शिंपडते आणि मग सगळ्यांच्या हातावर देते. ज्या वर्षी जयवंता म्हणाली, "मामीजी, मी नाई खाणार," त्या वर्षी अनुसयाबाईनं भाताचं ताट खाली ठेवलं आणि पुढच्या पेरणीपर्यंत तिच्याशी शब्द बोलली नाही. नवरा रूपरावही धाकट्या भावाच्या चुलीवर जेवला. आणि ही छाया, हीच, तिला पाहिलं की म्हणायची, "आली पास्टरीण." एकदा तर प्रभुभोजनासाठी उकळून ठेवलेलं अंबाडीचं लाल पाणी तिनं हसत हसत मोरीत ओतून दिलं होतं.

यंदा सीतादह्याच्या दिवशी छाया हळूच म्हणाली, "मामीजी, मी नाई खात."

जयवंता श्वास धरून उभी राहिली. अनुसयाबाईनं धाकट्या सुनेकडे पाहिलं. उन्हाळ्यात छायाचं पोटातलं बाळ गेलं होतं, तेव्हापासून तिची झोप उडाली होती, आणि संगतीत यायला लागल्यावर कुठं ती झोपायला लागली होती. म्हातारीनं ते सगळं पाहिलेलं होतं.

"नको खाऊ," ती म्हणाली. "डब्यात पोळी-भाजी हाय तुह्यासाठी. सकाळीच ठेवली मी."

बस, एवढंच. ना ताट आपटलं, ना तोंड फिरवलं. काटे मी काढले आणि ही चपला घालून आली, असं जयवंताच्या मनात आलं. त्या दिवशी तिला दुपारची भाकर गेली नाही.

संगती जयवंताच्याच अंगणात, टिनाच्या छपराखाली भरायची. पास्टर हेमराज बोरगाव मेघ्याहून यायचा. आठवडाभर मोटारसायकली दुरुस्त करायचा, इतवारी पुस्तक घेऊन यायचा, आणि कितीही घासलं तरी त्याच्या नखांतलं काळं निघायचं नाही. माणूस साधा, पण वचन सांगायला लागला की ऐकत राहावं.

त्या इतवारी त्यानं मळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला.

"वचनात द्राक्षाचा मळा हाय. आपल्याकडे कुठून आली द्राक्षं? तुमी पऱ्हाटी समजा. मालक सकाळीच गेला, बाया घेऊन आला. दुपारी गेला, अजून आणल्या. दिवस बुडाले आला तरी एक बाई चौकात उभीच. म्हणे, मले कोणी बलावलंच नाई. तिलेबी आणलं. अन् हिशोब करतानी सगळ्यायले सारखंच देल्लं. सकाळपासून उन्हात वेचणारीले तेवढंच, अन् दिवस बुडतानी आली तिलेबी तेवढंच."

बकऱ्या राखणारा नत्थू मागून म्हणाला, "असं केलं तं दुसऱ्या दिवशी सकाळून कोण येईन, पास्टर?"

सगळे हसले. म्हातारी वच्छलाबाई तर पदर तोंडाला लावून हसली. जयवंताला हसू आलं नाही. नत्थूनं तिच्या मनातलंच विचारलं होतं.

"तेच तं त्या सकाळच्या बाया म्हणाल्या," हेमराजही हसला. "मालक म्हणाला, तुह्यं मी काई कमी केलं काय? मंग मी दुसऱ्याशी चांगला वागलो, ते तुह्या डोळ्यात काऊन खुपून राह्यलं?"

तो काही जयवंताकडे बघून बोलला नव्हता. पण तिनं मान खाली घातली आणि चटईच्या काड्या उपसत बसली. तिच्या शेजारी छाया डोळे मिटून बसली होती, गालावरून पाणी वाहत होतं. दिवस बुडताना आलेली बाई आपणच, हे तिला कळलं होतं आणि ते तिला गोड वाटत होतं. सकाळची बाई कोण, हा विचार तिच्या मनालाही शिवला नव्हता.

प्रार्थना झाल्यावर हेमराजनं सांगितलं, "छायाताईचा बाप्तिस्मा नाताळाच्या आधी, बोर नदीवर. पण आपल्यात रीत हाय. पाण्यात उतरायच्या आधी सेवा कराव लागते. येत्या इतवारी प्रभुभोजनाचा प्याला छायाताई तयार करन. जयवंताबाई, तुमी तिले शिकवजा. शिष्य असाच घडते, एकानं दुसऱ्याले शिकवून."

जयवंता म्हणाली, "हो, शिकवतो ना."

प्याला तिचा होता. इतकी वर्षं तो तिचाच होता. इथं द्राक्षाचा रस मिळत नाही, म्हणून धुऱ्यावरच्या अंबाडीची लाल बोंडं ती उकळायची, मग गूळ घालायची, आणि ते लाल पाणी छोट्या छोट्या वाट्यांतून सगळ्यांना द्यायची. तिला गाता येत नव्हतं, वाचताना अडखळायची, देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायला उभी राहिली की घसा कोरडा पडायचा. पण वाटी ओठाला लावून कोणी डोळे मिटले की तिला वाटायचं, यात माझा हात आहे. तेवढं एक होतं तिच्याजवळ, तेही निघालं.

आठवडाभर दोघी वेचता वेचता धुऱ्यावरची अंबाडी खुडत होत्या. पावसानं निम्मी झाडं लोळवली होती. छाया एकेक बोंड हातात घेऊन फिरवून बघायची, किडकं असलं की टाकायची.

"बाई, हे चालते काय?"

"चालते."

"अन् हे?"

"अव, सगळं चालते. लेकराचं बारसं हाय काय?" जयवंता खेकसली, आणि लगेच जीभ चावली. लेकराचं नाव काढायला नको होतं. छायानं पुढचं बोंड फिरवून न बघताच खुडलं.

शनिवारी सांजेला छाया जयवंताच्या चुलीपाशी आली. टोपलीत बोंडं धुऊन आणली होती.

"कशात उकळवू, बाई?"

कोपऱ्यात मातीचं मडकं होतं. प्याल्याचं मडकं म्हणून त्यात दुसरं काही शिजवत नसत. भिंतीवर लोखंडी कढई लटकत होती. जयवंताला चांगलं ठाऊक होतं, अंबाडी आंबट, लोखंडात उकळली आणि तशीच ठेवली की पाणी काळं पडतं. पहिल्या वर्षी तिचं स्वतःचंच पडलं होतं. कोणी पाहायच्या आत तिनं ते उकिरड्यावर टाकलं होतं आणि दुसरं केलं होतं.

तिनं हात वर केला आणि कढई काढली.

"हे ने. मोठी हाय, उतू जाणार नाई. उकळलं की झाकून ठेवजो. सकाळी गूळ घालजो."

यातला एक शब्द खोटा नव्हता. छाया कढई डोक्यावर घेऊन आपल्या घराकडे गेली. छपरीत बाजेवर बसलेला रूपराव बिडी ओढत होता. त्यानं भावजयीला जाताना पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि बिडी झटकली.

ती गेल्यावर जयवंतानं मडकं चुलीवर ठेवलं आणि उरलेल्या बोंडांचं पाणी उकळलं. उद्या छायाचं फसेल, सगळे गोंधळतील, मग आपण आतून हे लाल पाणी आणू. 'बरं झालं जयवंताबाई हाये,' असं कोणीतरी म्हणेल. एवढंच तिला हवं होतं. जास्त काही नको होतं.

इतवारी छाया अंघोळ करून, केस ओले तशीच आली. काळ्या कढईत पाणी काळंच दिसणार, म्हणून तिला घरी काही कळलं नव्हतं. छपराखाली तिनं ते स्टीलच्या गंजात, उभ्या पातेल्यात, गाळलं. मग वाटीत ओतलं. आणि तिचा हात थांबला.

पाणी काळं होतं. दिव्यावरचं काजळ कालवल्यासारखं, कडेला निळसर.

वच्छलाबाईनं वाकून पाहिलं. "हे काय व?"

 हेमराज पुढं झाला, पण त्याच्या आधी छायानं गंज दोन्ही हातांनी छातीशी धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"माह्या हातानं झालं," ती म्हणाली. "बाईचं लाल पाणी मी मोरीत ओतलं होतं. हसत होती मी. देवानं घेतलं नाई माह्या हातचं. लेकरूबी त्यानंच नेलं."

"छायाताई, असं नसते," हेमराज म्हणाला.

"नाई, पास्टर. दाखवलं त्यानं."

खोटं कशाला बोलायचं, जयवंताला आधी बरं वाटलं. वाटी काळी दिसली त्या क्षणी तिच्या छातीत थंड पडलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. आता उठायचं, आत जायचं, मडकं आणायचं. तिनं तसं ठरवलंच होतं. पण लेकराचा शब्द निघाला. ती दारातच उभी राहिली. आत मडकं, बाहेर छाया, आणि मधे ती. छायानं गंज राखेच्या ढिगावर उपडा केला आणि घरी निघून गेली. त्या दिवशी सगळ्यांनी नुसती भाकर मोडून खाल्ली.

सोमवारी छाया वावरात आली ती स्वतःच ओटी बांधून. गाठ पोटावर मारली होती. गाणं नव्हतं. शेजारच्या बायांनी हाका मारल्या तेव्हा तिनं मान हलवली. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जयवंतानं पाहिलं, तिच्या डोळ्यांखाली पुन्हा ती उन्हाळ्यातली काळी वर्तुळं आली होती. कापसाबरोबर पालापाचोळाही ती ओटीत भरत होती.

"झोप येत नाई काय?"

"डोळे मिटले की ते पाणी दिसते, बाई."

जयवंता ओळ ओलांडून तिच्याजवळ गेली. हात कापसानं भरलेले होते, ते तिनं ओटीत रिकामे केले.

"छाया, ते कढईनं झालं. लोखंडात अंबाडी काळी पडते. मले माहीत होतं. माहीत असून देल्ली मी."

 छायाला रडू फुटलं आणि ती तिथंच, पऱ्हाटीच्या ओळीत, जयवंताच्या पायांवर वाकली.

"माह्यासाठी एवढं खोटं बोलता, बाई?"

"अव, खोटं नाई व."

"कढईत आपण रोज भाजी करतो. कधी काळी पडली? तुमीच मले शिकवलं होतं, दुसऱ्याचं ओझं आपण उचलायचं म्हणून. पण हे नका उचलू. हे माह्यं हाय."

"छाया, मी जळतो तुह्यावर. आयकून राह्यली काय? जळतो मी."

छायानं तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. जयवंता त्या मिठीत खांबासारखी उभी राहिली. आपलं पाप कोणी घ्यायलाच तयार नसेल तर माणसानं ते ठेवायचं कुठं, हे तिला कळेना.

छायानं ते हेमराजला फोनवर सांगितलं. हेमराजनं वच्छलाबाईला सांगितलं, आणि वच्छलाबाईला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. नळावर म्हातारीनं जयवंताचा हात धरला. "तुह्यासारखं मन पाह्यलं नाई, माय. दुसरीचा दोष आपल्या अंगावर घेतला." संध्याकाळी हेमराज मुद्दाम येऊन गेला. जयवंतानं त्यालाही सांगून पाहिलं, "पास्टर, मी खरं सांगून राह्यली, कढई मीच देल्ली." तो हसला. "म्हणूनच म्हणतो, बाई. याले शिष्यपण म्हणते. गाणं-साक्ष कोणालेबी जमते."

गाणं-साक्ष कोणालेबी जमते. इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते. आणि सांगायला लाज वाटते, पण तिनं ते गोड मानून घेतलं. दोन दिवस ती ताठ चालली. नळावर तिला आधी घागर भरू दिली, तिनं भरली. नत्थूनं बकरीचं दूध पाठवलं, तिनं ठेवून घेतलं. छाया रस्त्यानं खाली मान घालून जात होती, आणि जयवंताला वाटून गेलं, असंच राहिलं तर काय वाईट?

शुक्रवारी छायाचा नवरा मुकेश आला. हातात फडक्यात बांधलेलं वचनाचं पुस्तक होतं.

"वहिनी, हे तिनं पाठवलं. म्हणते, तुमच्यापाशीच राहू द्या. बाप्तिस्मा नाई म्हणते. मी त्या लायक नाई, बाईसारखं मन माह्यं नाई म्हणते." तो उंबऱ्यावर टेकला. "जेवत नाई, वहिनी. उन्हाळ्यात झालतं तसंच होऊन राह्यलं. पुन्हा डॉक्टरकडे न्याव लागते काय?"

जयवंतानं पुस्तक घेतलं.  मुकेश गेल्यावर मात्र बाजेवरून रूपराव बोलला. तो संगतीत कधी बसला नव्हता, कोणाच्या देवाबद्दल कधी बरं-वाईट बोलला नव्हता.

"त्या दिवशी मडकं कोपऱ्यातच होतं," तो म्हणाला. "तू पाह्यलंस त्याच्याकडे. मंग कढई काढली."

जयवंता त्याच्याकडे वळली. "तुमी बोलले काऊन नाई?"

"मले काय माहीत, तुमच्यात काय चालते ते. मले वाटलं, तू सांगशील." त्यानं बिडी विझवली. "लोकं पाया पडून राह्यले तुह्या. मले तं जेवताना घास फिरून राह्यला."

ती आत गेली. मडक्यातल्या लाल पाण्यावर पांढरी बुरशी धरली होती. तिनं ते उकिरड्यावर ओतलं, मडकं राखेनं घासलं, आणि टोपली घेऊन धुऱ्याकडे निघाली. पावसातून वाचलेली बोंडं आता थोडीच उरली होती.

इतवारी सकाळी छपराबाहेर तिनं दगडांच्या दोन चुली मांडल्या. एकीवर मडकं, दुसरीवर कढई. मुकेशला सांगून छायाला बोलावून घेतलं. छाया आली आणि टोकाशी, खांबाला टेकून बसली.

"हे काय, जयवंताबाई?" हेमराजनं विचारलं.

"तुमी वचन सांगा, पास्टर. मी इथं बसतो."

हेमराजनं सुरुवात केली, पण कोणाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. सगळे त्या दोन चुलींकडे बघत होते. जयवंतानं सगळ्यांदेखत एकाच घागरीतलं पाणी दोन्हीत ओतलं, एकाच टोपलीतली बोंडं मूठ मूठ घातली, फुंकणीनं जाळ धरला. धुरानं तिचे डोळे वाहायला लागले. कोणी त्याला भक्ती समजू नये म्हणून ती पुनःपुन्हा पुसत होती. आंबट वास पसरला. लोखंड लवकर उतरावं म्हणून कढईची कड ती उचटण्यानं खरवडत राहिली. शेवटी हेमराज बोलायचाच थांबला आणि पुस्तक मिटून बसला. 

मग तिनं दोन वाट्या भरल्या आणि छपराखाली मधोमध ठेवल्या. एक लाल. दुसरी काळपट, कडेला निळसर.

"रातभर ठेवलं तं अजून काळं होते," ती म्हणाली. घसा कोरडा पडला होता, पण आज ती थांबली नाही. "पाणी एकाच घागरीचं. अंबाडी एकाच टोपलीची. अन् हात माहेच. छायाच्या हाताचा यात काई संबंध नाई. कढई मी काढून देल्ली. मडक्यात मी चांगलं करून घरात ठेवलं होतं, तुमी मले चांगलं म्हणाव म्हणून. तिचं गाणं मले सहन होत नाई. मामीजी तिच्याशी नीट बोलल्या, तेबी नाई. अजूनबी होत नाई. पास्टर, तुमी मले शिष्य म्हणले ते परत घ्या."

कोणी 'आमेन' म्हटलं नाही. नत्थू आपल्या चपलांकडे बघत राहिला. वच्छलाबाईनं नळावर ज्या हातानं जयवंताला धरलं होतं तोच हात पदरात गुंडाळून घेतला. या चार दिवसांत मिळालेलं सगळं एका दमात परत गेलं, आणि ते जाताना जयवंताला स्पष्ट जाणवलं.

छाया उठली. काळ्या वाटीत तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.

"म्हणजे देवानं नाई केलं," ती म्हणाली.

"नाई."

"तुमी केलं."

"हो."

"अन् मी रडत होती तवा चांगलं पाणी घरात होतं."

"हो."

"लेकराचं बोलली मी. सगळ्यायसमोर बोलली. तरी तुमी दारात उभ्याच."

"हो," जयवंता म्हणाली. 

छायानं मोठा श्वास घेतला. इतक्या दिवसांत तिची छाती पहिल्यांदा पूर्ण भरलेली दिसली. मग तिचा चेहरा हळूहळू तापला, कपाळाची शीर उठली. जयवंताला वाटलं, ही आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. छायानं काळी वाटी उचलून अंगणात भिरकावली, मडक्यापाशी गेली, गूळ घातला, गाळलं, आणि वाट्या भरायला लागली. ती एकेकापुढं वाटी धरत गेली. नत्थू प्याला. वच्छलाबाई प्याली. हेमराजनं डोळे मिटून ओठाला लावली. जयवंतापुढं येऊन ती थांबली.

"तुमाले आज नाई, बाई."

हेमराजनं तिला अडवलं नाही. रीत त्यानंच शिकवली होती. मनात अढी असेल तर आधी ती मिटवायची, मग प्याला. छायाच्या मनात अढी होती आणि ती खोटं हसत नव्हती. छायानं स्वतःची वाटीही तशीच खाली ठेवली, प्याली नाही. जयवंता हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आजवर तिनं सगळ्यांना पाजलं होतं. दुसरे पीत असताना नुसतं बघत बसायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, आणि तिला प्रत्येक वाटीचा हेवा वाटला.

सोमवारी दव पडलं होतं. जयवंता एकटीच वावरात आली. ओटी बांधायला हात मागं नेले, पण गाठ बसेना. धुऱ्यावर चपलांचा आवाज आला. छाया आली होती. तिनं जयवंताच्या हातातली टोकं काढून घेतली आणि करकचून गाठ मारली. बरगडीपर्यंत कळ गेली. मग ती वळून, पाठ करून उभी राहिली.

जयवंतानं तिची गाठ मारली. ना सैल, ना घट्ट.

दोघी दोन ओळींत शिरल्या. रात्री झोप लागली की नाही हे विचारायचं धाडस जयवंताला झालं नाही, पण छायाचे हात आज नुसता कापूस तेवढा उचलत होते. ऊन वर आल्यावर ती गुणगुणायला लागली. शेजारच्या वावरातून हाक आली, "छाया, मोठ्यानं म्हण व." जयवंताच्या छातीत जुन्या जागी जुनीच कळ उठली. गेली नव्हती. तिनं ती तशीच धरून पुढच्या बोंडात हात घातला.

ओळीच्या टोकाला पोचल्यावर छायानं गाणं थांबवलं. मान न वळवता तिनं विचारलं, "येत्या इतवारी कशात उकळवू?"

"मडक्यात," जयवंता म्हणाली. "अन् गूळ उतरवल्यावर घालजो, आधी नाई. आधी घातला का रंग मरते."